खारीचं परदेशी वाण

एका जंगलात एक खार राहायची. कामाचा कंटाळा, पण गप्पा मारायला सगळ्यांच्या पुढे! उन्हाळी भुईमूग पेरायला वाफ्यात गेली, तर तिथे घाणेरीची झुडपंच झुडपं. कुणी लावली नव्हती. पाखरं उडता उडता खाली जे टाकतात ना, त्यातून उगवली होती. हसू नका, खरंच! घाणेरीचं पान चुरगाळलं की वास असा, की शेळीसुद्धा तोंड फिरवते. आणि भुईमूग नाही पेरला, तर पावसाळ्यात खायचं काय? बोंबला!

झुडपं उपटायची आणि मुळं वर करून वाळत टाकायची, एवढंच काम. पण खार म्हणाली, "इतकं कोण मरतंय उन्हात?" संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. तिनं पळसाच्या पानांचे द्रोण केले, एकेकात एकेक झुडूप मातीसकट बसवलं, वास लपवायला वर तुळशीचा तुरा खोचला आणि घरी आलेल्या बायकांना वाण म्हणून वाटून टाकलं.

"परदेशी फूलझाड आहे हं! माझ्या मामेबहिणीनं पाठवलंय."

"अय्या, किती गोड!" सशीण श्वास रोखून म्हणाली.

"एवढ्या लांबून आलं, तरी वास आपल्या ओढ्याकाठचाच गं," काटेवाली साळू म्हणाली.

मुंगुसीण सटासट शिंकली आणि म्हणाली, "थंडी फार पडलीय, नाही?"

पण वाणाला नाही कोण म्हणणार? सगळ्या घेऊन गेल्या. वाफा मोकळा! खार शेपूट फुलवून नाचली.

आता हळदीकुंकू काय हिच्या एकटीच्याच घरी असतं? रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे ना कुणाकडे बोलावणं. सशिणीनं हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि हातात ठेवला द्रोण. वर तोच तुळशीचा तुरा, फक्त वाळलेला! साळूकडेही द्रोण. मुंगुसिणीकडे तर दोन, कारण माकडिणीनं आपलाही द्रोण तिच्याच गळ्यात मारला होता. पाणी पिऊन पिऊन झुडपं मस्त गुबगुबीत झाली होती.

"नको गं, माझ्याकडे जागाच नाही," खार कळवळून म्हणाली.

"असं कसं? वाफा रिकामा आहे की!" साळू म्हणाली. "मामेबहिणीची आठवण ना ती! चला गं, आपणच लावून देऊ." आणि सगळ्यांनी मिळून, गाणी म्हणत, सगळी झुडपं भुईमुगाच्या वाफ्यात लावली. वर पाणीसुद्धा घातलं.

दुसऱ्या दिवशी खार भर उन्हात, नाकावर शेपूट दाबून, एकेक झुडूप उपटून वाळत टाकत होती. तेवढ्यात डोक्यावरच्या फांदीवर मैना येऊन बसली. तिच्या चोचीत घाणेरीचं काळं फळ.

खार हात जोडून ओरडली, "मैनाबाई, खा बाई पोटभर, पण बसायचं तेवढं पलीकडे बसा!"

तात्पर्य : नको असलेलं झुडूप मुळासकट उपटून उन्हात टाकावं, मैत्रिणीच्या पदरात नाही. मैत्रीण ते परत आणून देते, आणि वर पाणी घालून जाते.