पाहुण्याचा कोंबडा

एकदा एक म्हातारे गुरुजी काखोटीला जिवंत कोंबडा धरून फुलांच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या दारात मुक्कामाला येऊन उभे राहिले. सोबत त्यांचा शिष्य होता. तो जरा अंतर राखूनच चालत होता, कारण रस्त्यातली माणसं आधी कोंबड्याकडे बघत होती आणि मग त्याच्याकडे.

गुरुजींचा जन्म जावा ही संगणकाची भाषा शिकवण्यात गेला होता. शिष्य त्यांच्या हाताखालचा सर्वांत हुशार, आणि ही गोष्ट त्याला दुसऱ्या कुणी सांगावी लागत नसे. व्यापाऱ्याचं वेब ॲप्लिकेशन त्यानेच बांधलं होतं. रोज पहाटे ते आपणहून जागं व्हायचं, शहरातून आलेल्या मागण्यांची बेरीज करायचं आणि मळ्यामळ्यातल्या माळ्यांच्या मोबाइलवर हुकूम धाडायचं : आज इतका झेंडू, इतकी शेवंती. हुकूम आला की खुडणी सुरू. आता दसरा तोंडावर आला होता. शेठनी नवा, मोठा सर्व्हर घेतला होता आणि सणाच्या आदल्या दिवशी सगळा कारभार त्यावर हलवायचा होता. म्हणून दोघांना घरीच बोलावलं होतं.

कोंबड्याचं मूळ मात्र शिष्याच्या तोंडात होतं. वाटेत तो छाती काढून म्हणाला होता, "गुरुजी, ॲप्लिकेशनला पहाटे उठवायचं काम मी सर्व्हरला सांगितलंच नाही. माझा स्वतःचा टायमर आत बसवलाय, स्वतःच्या थ्रेडवर, म्हणजे सर्व्हरला न विचारता आपला आपण चालणाऱ्या वेगळ्या धाग्यावर. आपण कुणाच्या उपकारात राहत नाही!"

"वा!" गुरुजी म्हणाले. "मग मी तरी का राहू?" आणि सरळ बाजारात वळून त्यांनी सगळ्यांत दांडगा कोंबडा पसंत केला.

शेठच्या घराला एक रीत होती. घर चालवायची शेठची थोरली आत्या. जेवणं उरकली की ती प्रत्येक पाहुण्याला विचारी, "किती वाजता उठवू?" पाहुणा सांगेल त्या वेळेला चहाची कपबशी घेऊन दारात हजर. आणि पाहुण्याने निरोप घेऊन उंबरा ओलांडला की त्याची वेळही तिच्या डोक्यातून उतरे. आजवर त्या घरात कुणाची गाडी चुकली नव्हती, की कुणाची झोप उगाच मोडली नव्हती.

"गुरुजी, किती वाजता उठवू?"

"नको आत्याबाई. माझी सोय मी आणली आहे."

आत्याने सोयीकडे पाहिलं. सोयीने आत्याकडे पाहिलं. शिष्याने भिंतीकडे पाहिलं.

पहाट व्हायच्या कितीतरी आधीच घराच्या माळ्यावर बसवलेल्या कोंबड्याने घर डोक्यावर घेतलं. शेठ दचकून उठले, त्यांचं पोर रडायला लागलं. एकटे गुरुजी तेवढे शांत घोरत होते. सकाळी चहा घेताना शिष्याचा मोबाइल वाजला. पलीकडे म्हाळूदादा, शेठचा जुना माळी.

"साहेब, आज हुकूम दोनदा आलाय. दुप्पट खुडू का?"

"छे! तुमच्या मोबाइलचा दोष असेल. एकदाच खुडा."

"बरं झालं विचारलं," म्हाळूदादा म्हणाला. "खुडलेलं फूल काय परत झाडाला चिकटत नाय."

गुरुजींनी ऐकलं. पिशवी उचलली, आत्याला नमस्कार केला, "येतो," म्हणाले आणि चालू लागले. पिशवी नेली, कोंबडा मात्र माळ्यावर तसाच. शिष्याला वाटलं, म्हातारपण! त्याच्या डोक्याला दसऱ्याचं काम होतं. कालच त्याने ॲप्लिकेशन सर्व्हरवरून उतरवून, शेवंतीच्या नव्या जातीची भर घालून पुन्हा चढवलं होतं. आज तोरणाचा हिशेब घालायचा राहिला होता. दुपारी त्याने पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं. सफाईदार काम. स्वतःच्याच पाठीवर थाप मारता येत नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

संध्याकाळी गुरुजी परत हजर. काखोटीला दुसरा कोंबडा.

"अहो गुरुजी!" आत्या कडाडली. "तुम्ही सकाळी गेलात ना?"

"गेलो होतो. हा मी नव्याने आलो. नवा पाहुणा, नवी सोय."

दुसऱ्या दिवशी पहाटेआधी माळ्यावरून एक आणि ओसरीवरून एक, अशी जुगलबंदी रंगली. आत्या लाटणं घेऊनच आली. "शिष्य ना तुम्ही यांचे? मग तुम्हीच सांगा यांना! माणूस गेला तर त्याचा कोंबडा मागे आरवतो कशाला? आणि परत आला तर दुसरा कशाला? उद्या पुन्हा जाऊन आले तर तिसरा येईल, मग मी काय या घरात कोंबड्यांची शाळा काढू?"

शिष्य हसायला लागला. "खरंच की गुरुजी! तुम्ही गेलात, पण कोंबडा कुठे..."

हसू तिथेच अडकलं. कारण मोबाइल वाजत होता.

"साहेब," म्हाळूदादा म्हणाला, "आज तीनदा."

शिष्याचा चेहरा उतरला. दोनदा उतरवलं, दोनदा चढवलं. ॲप्लिकेशन गेलं, पण त्याचा टायमर गेलाच नव्हता. जुने दोन आणि नवा एक, तिघेही सर्व्हरच्या माळ्यावर बसून आरवत होते. म्हाळूदादा विचारून खुडणारा माणूस. बाकीचे माळी? आजची खुडणी थोडकी होती म्हणून निभावलं. उद्या दसरा. हुकूम तीनदा आला, तर सणाची मागणी म्हणून सगळे मळे ओरबाडून निघतील, आणि वर्षाची मेहनत बाजारात ढीग होऊन सुकेल.

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला कालच कळलं होतं."

"वाटेतच कळलं होतं रे. पण वाटेत सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. हुशार आहेस ना!" गुरुजींनी लाटण्यापासून सुरक्षित अंतरावर बैठक मारली. "सर्व्हर म्हणजे घर, ॲप्लिकेशन म्हणजे पाहुणा. कोण आलं, कोण गेलं, कुणाला कधी उठवायचं, हे घरधनी जाणतो. तू त्याला न सांगता माळ्यावर थ्रेड ठेवलास. पाहुणा गेला, घरधन्याने अंथरूण गुंडाळलं. पण कोंबड्याला कोण सांगणार? तो आता कुणाचाच नाही."

"जाताना मीच त्याला थांबवीन."

"थांबवशील. ज्या दिवशी विसरशील त्या दिवशी दसरा असेल. आणि काही घरी तर कोंबड्याला उंबऱ्यातच अडवतात. शेठचा नवा सर्व्हर तसा निघाला तर? अरे, जावाच्या जाणत्यांनी एकत्र बसून हेच ठरवून ठेवलं आहे, की पाहुण्याने कोणत्या शब्दांत सांगावं आणि घरधन्याने कसं उठवावं. ती रीत पाळणारं घर कुठलंही असो, तुझा शब्द तिथे चालेल. याला उपकार म्हणत नाहीत. कोंबडा घेऊन फिरणाऱ्याला एकच घर पुरतं. विचारणं जाणणाऱ्याला गावोगाव घर आहे."

शिष्य उठला. त्याने आपला लाडका टायमर मुळासकट उपटला. त्या जागी सर्व्हरला केलेली छोटीशी, रीतसर विनंती उरली : रोज या वेळेला मला उठवा. जुना सर्व्हर बंद केला, तेव्हा त्याच्या माळ्यावरचे सगळे कोंबडे एकदम गप्प झाले. मग तेच ॲप्लिकेशन, एक अक्षरही न बदलता, त्याने नव्या सर्व्हरवर चढवलं. नव्या घराने त्याला ओळखलं. त्याने मुद्दाम उतरवलं, चढवलं, पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं. दरवेळी उठवणारा एकच.

जेवणानंतर आत्या आली. तिने तोंड उघडायच्या आधीच गुरुजी म्हणाले, "पाचला उठवा, आत्याबाई."

"आणि मला चारला," शिष्य म्हणाला.

दसऱ्याच्या पहाटे तो हातात कपबशी धरून बसला होता. चहा निवला तरी त्याने तोंडाला लावला नव्हता. मोबाइल वाजला.

"साहेब," म्हाळूदादाचा आवाज साशंक होता, "आज एकदाच आला. पुरेल ना?"

"पुरेल, म्हाळूदादा. खुडायला लागा. आणि परत याल तेव्हा इथले दोन कोंबडे तेवढे मळ्यात घेऊन जा."

शेठ बाहेर आले. नवा सर्व्हर, पहिलाच दिवस, आणि काडीचा गोंधळ नाही! "काय जादू केलीत हो?"

दोन दिवसांपूर्वी शिष्याने या प्रश्नाला तासभर उत्तर दिलं असतं. आज तो म्हणाला, "काही नाही शेठ. रीतसर विचारलं."

गुरुजींनी आत्याच्या हातून आपट्याची पानं घेतली, शिष्याच्या तळहातावर ठेवली आणि भरल्या ओसरीत, आजवर कधी म्हणाले नव्हते ते म्हणाले, "शेठ, हा माझा शिष्य."

आपणही आयुष्यात कुठल्या ना कुठल्या घरी पाहुणेच असतो. माळ्यावर आपलं काय आरवतं आहे, हे निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावं.