शिंकेबरोबर उडालेला वास

एकदा काय झालं, एका राजाच्या लेकीला शिंक आली. साधीसुधी नाही बरं का! राजवाड्यावरची कबुतरं उडाली, दारातला हत्ती दचकला, आणि त्या शिंकेबरोबर राजकन्येचा वासच उडून गेला. म्हणजे तिला कशाचाच वास येईना. वास नाही म्हणून चव नाही, चव नाही म्हणून घास उतरेना. शेवंती तिचं नाव. पण पोर वाळून नुसती काडी झाली.

राजाने तीन वैद्य आणले. एकाने हिंग हुंगवला. दुसऱ्याने कांदा फोडला. तिसऱ्याने तर आपली पगडीच नाकाशी धरली! शेवंती म्हणाली, "काहीच नाही हो, आबा."

मग खिडकीतून एक मधमाशी आली. राजाच्या कानाशी भुणभुणली, "तुमच्या लेकीचा वास मी पाहिलाय. हौसाबाईच्या परसात, खरबुजाच्या पिवळ्या फुलात शिरलाय. फळ पिकलं की बाहेर येईल. पण घाई केलीत तर पळेल हं!"

राजा तसाच अनवाणी धावला. हौसाबाई ही गावातली एकटी म्हातारी. तिने वाळू आणि जुनं खत कालवून आळं केलं होतं. वेल चांगला पसरला होता आणि त्याला तीन खरबुजं धरली होती. प्रत्येकाखाली गवताची चुंबळ, म्हणजे ओल लागून फळ कुजू नये. मधमाशी पहिल्या फळावर जाऊन बसली. त्या फुलाचंच हे फळ, वास आता त्यात होता!

"कधी पिकेल?" राजाने विचारलं.

"त्याचं त्याला कळेल, महाराज. तुम्ही राज्याचे राजे, वेलाचे नव्हे."

पण राजाला कुठला धीर! पाचव्या दिवशी हौसाबाई पाण्याला गेली, तेवढ्यात त्याने फळ तोडलं. कापलं तर आत काय? पांढरंफटक, काकडीसारखं! आणि फुर्र... वास पळाला दुसऱ्या फळात.

मग राजाला वाटलं, हे लवकर वाढवू. त्याने गुपचूप सात घागरी पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी फळ तडाडून फुटलं! आणि फुर्र... वास पळाला तिसऱ्या फळात.

हौसाबाईने कपाळावर हात मारला. "आता चौथं फळ नाही, महाराज. हे गेलं, तर वास कुठं जाईल, मला ठाऊक नाही."

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवंतीला आता उठून बसवत नव्हतं. त्याने तिची खाट परसातच आणवली. मग म्हणाला, "बाई, मी काय करू?"

"हात मांडीखाली घेऊन बसा."

आणि राजा बसला की हो! खरंच बसला. मुकुट बाजूला, हात मांडीखाली, नजर खरबुजावर. पहिल्या दिवशी सालीवर बारीक जाळी उठली. मग जाळीखालचा हिरवा रंग फिकट झाला. मग फळ पिवळं पडू लागलं. प्रधान म्हणाला, "महाराज, झालं पिवळं! तोडू?"

"खबरदार!" राजा ओरडला. "खरबूज तोडायचं नसतं. ते आपणहून देठ सोडतं!" हौसाबाई पदराआड हसली.

देठाशी एक बारीकशी चीर पडली. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. मधमाशीसुद्धा देठाजवळ येऊन बसली! आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात... टक्! फळ देठापासून सुटलं.

शेवंतीचे डोळे मिटलेले होते. नाक मात्र हललं. "आबा... काहीतरी गोड गोड येतंय!"

राजा उडी मारून फळ उचलायला गेला, तर हातांना ही मुंग्या! बोटं हलेनात. शेवटी हौसाबाईनेच फळ उचललं आणि कापलं. आत केशरी गर, रसाने भरलेला. शेवंतीने एक फोड खाल्ली. मग दुसरी. तिसरी खाताना ती उठून बसली आणि हनुवटीवर रस ओघळू लागला. राजाने आनंदाने तिला मिठी मारली, तशी तिने नाक मुरडलं.

"आबा, आंघोळ कधी केली होतीत हो?"

राजा हसता हसता रडला, आणि रडता रडता विहिरीकडे पळाला. सगळं परस खदखदून हसलं. त्या दिवसापासून शेवंती पोटभर जेवू लागली, हौसाबाईच्या परसात येऊन वेलाला पाणी घालू लागली, आणि सगळी मंडळी सुखात राहिली.

चला, आता तुम्हीही डोळे मिटा बघू, माझ्या बाळांनो. झोपा.