दहाव्याच्या आधी आलेला कावळा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कावळे बोलायचे आणि माणसं चक्क ऐकून घ्यायची.

एका गावात एक म्हातारा अंथरुणाला खिळला होता. एके सकाळी खिडकीत कावळा येऊन बसला.

"आजोबा, काही इच्छा राहिलीय का?"

"अरे, मी अजून जिवंत आहे!"

"दिसतंय. पण दहाव्याला तुमचा पिंड मलाच शिवायचाय. इच्छा राहिली असली की शिवता येत नाही. मागे एका आजींनी मला अर्धा दिवस उन्हात बसवलं. लोणच्याच्या बरणीसाठी."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "ठमीला भेटायचंय रे."

ठमी म्हणजे त्याची धाकटी बहीण. राहायची पलीकडच्याच गल्लीत. म्हाताऱ्यानं आपली मुलगी तिच्या मुलाला दिली, आणि बहिणीची विहीण झाली. मांडवातच प्रश्न पडला, आधी वाकायचं कोणी?

"मी मोठा भाऊ," हा म्हणाला.

"मी नवऱ्यामुलाची आई," ती म्हणाली.

कोणीच वाकलं नाही. त्याला बारा वर्षं झाली.

कावळा ठमीकडे गेला.

"विहिणीला न्यायचं तर वाजतगाजत न्या म्हणावं," ठमी फणकारली.

कावळा तिच्या उंबऱ्यावर बसला आणि जीव खाऊन कावकाव करू लागला.

"हे काय चाललंय?"

"वाजंत्री. चला आता. दादा फार दिवसांचे नाहीत."

ठमी धावतच निघाली.

अंथरुणावरचा हाडांचा सापळा पाहिला आणि ती पाया पडायला वाकली. त्याच वेळी म्हाताराही सगळा जोर लावून, हात जोडून विहिणीपुढे वाकला.

ठक्क! टाळक्यावर टाळकं आपटलं.

दोघं कपाळ चोळत बसली. मग ठमी एकदम ओरडली, "दादा, अजून एकदा! नाहीतर शिंगं येतील!"

"या वयात?"

"मग काय! तिरडीवर मावायचा नाहीस."

दोघांनी हळूच पुन्हा डोकं टेकवलं. ते बराच वेळ उचललंच नाही.

पुढचे चार दिवस ठमीनं त्याला पेज भरवली. पाचव्या दिवशी तो हसऱ्या तोंडानं गेला.

दहाव्याला पिंड खाली ठेवायच्या आतच कावळ्यानं चोच मारली.

"अरे, मंत्र राहिलेत!" भटजी ओरडले.

"आमचं आधीच बोलणं झालंय," कावळा म्हणाला.

तात्पर्य : मानासाठी मान ताठ ठेवली की माणूस दुरावतो, ती वाकवली की माणूसही मिळतो आणि मानही.