शिंप्याने उसवलेली भिंत

फार पूर्वी डोंगराच्या खांद्यावर एक नगर होते. भाद्रपदातल्या एका सकाळी जमीन हादरली आणि बघता बघता त्या नगराचा ढिगारा झाला.

राजा दयाळू होता. पंधरवड्यातच त्याचे प्रधान दगड, चुना आणि सागवान भरलेल्या शंभर गाड्या घेऊन आले. लोकांनी हात जोडले. गाड्या रिकाम्या झाल्या, चौकात दगडांची रास लागली आणि ती तशीच पडून राहिली. नगरात गवंडी उरले होते अवघे सात.

"परमुलखातून गवंडी मागवतो," प्रधान म्हणाले. "पण त्यांना यायला पौष उजाडेल."

पौषात तिथे रांजणातले पाणी गोठत असे. कापडाच्या पालांत तान्ही मुले आणि म्हातारी माणसे कशी तगणार?

त्या सातांत एक थोरला गवंडी होता. भिंत सरळ आहे की नाही हे ओळंब्याने कळते. दोरीला बांधलेले शिशाचे वजन ते. गवंड्यांची रीत अशी, की ओळंबा बापाने मुलाच्याच हाती द्यायचा, परक्याने शिवायचा नाही. थोरल्याचा एकुलता मुलगा जमीन हादरली त्या सकाळी भिंतीखाली सापडून गेला होता.

"अहो," त्याची बायको म्हणाली, "तो ओळंबा आता कुणासाठी गुंडाळून ठेवलाय?"

दुसऱ्या दिवशी थोरला चौकात जाऊन उभा राहिला. "ज्याला दोन हात आहेत त्याने यावं. मी शिकवतो."

बाकीचे गवंडी चिडले. "दादा, सगळ्यांनाच शिकवलंत तर उद्या आपल्याला कोण विचारणार?"

"विचारायला माणसं तर उरू देत," तो म्हणाला.

शिंपी आला, कासारीण आली, तेली आला. शिंप्याला सगळे चिडवत, "काय रे, भिंतीला झालर लावणार का?"

शिंप्याने बुरडाच्या विधवेच्या घराची भिंत घेतली. ती छातीभर झाली तेव्हा थोरल्याने ओळंबा लावला. भिंत दोन बोटे बाहेर गेली होती.

"असू दे," लोक म्हणाले. "गिलाव्यात झाकून जाईल. थंडी तोंडावर आलीय."

शिंपी मात्र म्हणाला, "शिवण वाकडी गेली की मी उसवतो. गिऱ्हाईक बघो न बघो." आणि त्याने वरचा दगड उचलून खाली ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

थोरल्याने हातातला ओळंबा त्याच्यापुढे धरला. "हा आता तुझ्याजवळच ठेव."

ते पाहून बाकीच्या सहांनीही आपापल्या अवजारांच्या पेट्या शिकणाऱ्यांसमोर उघडल्या.

पौषात प्रधान चाळीस गवंडी घेऊन घाट चढून आले आणि वेशीपाशीच थबकले. घराघरांतून चुलीचा धूर निघत होता.

"गवंडी कुठून आणलेत?" त्यांनी विचारले.

"आणले नाहीत," थोरला म्हणाला. "इथेच घडले. हा शिंपी, ही कासारीण, तो तेली."

"आणि तुम्ही स्वतः किती घरं बांधलीत?"

"एकही नाही, प्रधानजी," थोरला गवंडी ताठ उभा राहून म्हणाला. "शिकवण्यातून वेळच मिळाला नाही."

तात्पर्य: राजा दगड देऊ शकतो, पण नगर उभे राहते ते आपली विद्या मोकळ्या मनाने देणाऱ्यांमुळे आणि आपली चूक आपल्याच हातांनी उसवणाऱ्यांमुळे.