काजळीचं तळं

पाट्यांना चालता येत होतं, त्या काळची ही गोष्ट. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या महानगरपालिकांनी आपापल्या वेशीवर 'हद्द सुरू' अशी पाटी उभी केली होती. रोज थोडं पुढे सरकायचं आणि वाटेतलं गाव आत घ्यायचं, हेच पाट्यांचं काम. गाव आत आलं की तळी बुजायची आणि इमारती उठायच्या.

सरकत सरकत दोघी एका तळ्याकाठी समोरासमोर आल्या. तळ्यात काजळी म्हैस डुंबत होती.

"मावशी, तुम्ही आमच्या," पूर्वेची पाटी म्हणाली. "आम्हीच सगळ्यांत मोठ्या."

"हिचं ऐकू नका. दोन गावं मिळाली म्हणून फुगलीय," पश्चिमेची म्हणाली.

काजळीने विचार केला, तळं गेलं तर डुंबायचं कुठे? पण तिने रवंथ करणं थांबवलं नाही.

"येते की, बायांनो. फक्त ते गटार तुंबून तळ्यात येतंय. मी जिच्या हद्दीत, तिने ते आजच उपसायचं. माझं शेणही तिनेच उचलायचं."

दोघींनी गटाराकडे पाहिलं.

"तळं तुमच्याच बाजूला झुकलंय, ताई," म्हणत पूर्वेची मागे सरली.

"छे, छे! तुम्ही आधी आलात, मान तुमचा," म्हणत पश्चिमेचीही सरली.

एकमेकींना मान देता देता दोघी दिसेनाशा झाल्या.

संध्याकाळी गावकरी नेहमीसारखे फावडी घेऊन गटार उपसायला आले.

"गेल्या का गं?" म्हाताऱ्या धर्माजीने विचारलं.

"गेल्या," काजळी म्हणाली. "पण थोडी घाण राहू द्या. परत येतील."