काऊच्या नावाचा घास

कावळे माणसांशी बोलायचे तेव्हाची गोष्ट. कुमुदची आई तिला खिडकीपाशी बसवून भरवायची. "हा घास चिऊचा, हा घास काऊचा." खिडकीत बसलेला कावळा रोज ऐकायचा. नाव त्याचं आणि घास कुमुदच्या तोंडात! एक दिवस त्याने ठरवलं, आज आपला घास घेतल्याशिवाय हलायचं नाही.

त्या दिवशी नेमकी कारल्याची भाजी होती. कुमुदने तोंड घट्ट मिटलं.

"हा घास काऊचा," आई म्हणाली.

"मग मला द्या की!" कावळा ओरडला.

"देच त्याला!" कुमुद खूश होऊन म्हणाली.

आईने घास खिडकीत ठेवला. कावळ्याने चोच मारली आणि त्याची पिसंच फुलली. कडू जहर!

"थुंकून टाक की," शेजारची चिमणी म्हणाली.

"भांडून मागितलाय. आता टाकणार नाही," कावळा म्हणाला. डोळे मिटून तो चावत राहिला. चावता चावता थांबला, मग चोच पुसून म्हणाला, "अजून आहे?"

आईने दुसरा घास केला. "हा घास काऊचा."

हात खिडकीपर्यंत जायच्या आत कुमुदने तो धरला. "थांब. हा माझा."

तिने घास तोंडात घेतला आणि तिचं नाक, डोळे, कपाळ सगळं एक झालं. "शी! कडू आहे! तुला काय आवडलं यात?"

"चावत राहा," कावळा म्हणाला. "आतला गूळ मागाहून लागतो."