समुद्र पाहिलेली सायकल

एके काळी घाटावरच्या एका गावात मालिनीबाईंची घडीची सायकल होती. तिच्यामागे छोटा गाडा जोडून त्या फुलझाडांची रोपं विकत. समुद्र पाहावा, अशी सायकलला फार आस होती.

एकदा बाई कोकणात माहेरी निघाल्या. सायकलची घडी एसटीत मावली, पण गाडा मावेना.

गाडा म्हणाला, "तू जा. आल्यावर मला सगळं सांग."

"ओझं नसलं की कशी पळते बघ," सायकल म्हणाली.

किनाऱ्यावर ती खरंच भन्नाट पळाली. समोर अथांग पाणी होतं.

"आज किती हलकी चालते गं ही," बाई वहिनीला म्हणाल्या.

सायकलने मागे पाहिलं. ओल्या वाळूत फक्त तिच्याच चाकांची रेघ होती. लाटेने तीही पुसली, आणि सायकलला घराची ओढ लागली.